थकलेल्या आणि एकाकी दिवसांत धीर कसा मागावा व कसा टिकवावा : ठाणे-नवी मुंबईतील ख्रिस्ती बंधुभगिनींसाठी

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, मृत्यू समोर दिसत असताना, प्रेषित पौलाने एक झगा मागितला आहे. तो झगा त्रोवस येथे कार्पाच्या घरी राहिला होता. येताना तो आण, पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे आण, मार्कालाही बरोबर घे आणि हिवाळा लागण्यापूर्वी ये, असे तो लिहितो. देमास सोडून गेला, पहिल्या जबाबाच्या वेळी बाजूला कोणीही उभे राहिले नाही आणि आता एकटा लूक तेवढा जवळ आहे, हेही तो लपवत नाही. त्याच अध्यायात, प्रभू माझ्याजवळ उभा राहिला आणि त्याने मला बळ दिले, अशी साक्षही आहे. प्रभू जवळ उभा होता म्हणून पौलाला झग्याची किंवा मार्काची गरज उरली नाही, असे मात्र त्यात कोठेही म्हटलेले नाही.

आईला अर्धांगवायू झाल्यानंतरची चार वर्षे मी ऐरोलीतील घरात तिच्या खाटेजवळ काढली. त्या काळात हा अध्याय मी अनेकदा वाचला, पण झग्याचे वाक्य नजरेखालून निसटत राहिले. विश्वास पुरेसा असेल तर धीर आपोआप येईल, अशी माझी समजूत होती. पहिला महिनाभर मंडळीतील, म्हणजे आमच्या चर्चमधील, माणसे येत राहिली, मग येणे कमी झाले आणि पावसाळा संपेपर्यंत फोनही थांबले. त्याचा कडवटपणा माझ्या मनात बरेच दिवस साठत गेला. मला नेमके काय हवे आहे, हे मी त्यांच्यापैकी एकालाही सांगितले नव्हते, ही गोष्ट पुष्कळ उशिरा माझ्या ध्यानात आली.

मराठीत आपण धीर ‘धरतो’ आणि धीर ‘देतो’, म्हणजे एकाच वस्तूला दोन क्रियापदे लावतो. नव्या करारात मात्र यासाठी दोन वेगळे ग्रीक शब्द आहेत. ‘हुपोमोने’ म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणे, आणि ‘पाराकालेओ’ म्हणजे कोणाला जवळ बोलावणे, धीर देणे, विनवणे. त्यांपैकी पहिले बहुधा दुसऱ्याच्या आधारानेच घडते. घरच्या आजारपणाने, नोकरीने, शोकाने, स्थलांतराने किंवा विश्वासापायी आप्तांनी दूर केल्याने जे एकटे पडले आहेत, त्यांनी कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, ते पुढे लिहिले आहे. हा क्रम मी चुका करत शिकले. तुमच्या परिस्थितीप्रमाणे तो बदलावा लागेल, परंतु पहिली पायरी कोणीही वगळू नये, असा माझा आग्रह आहे.

पहिली पायरी : शीण कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

पहिल्या राजे पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील एलीया संदेष्टा कर्मेल पर्वतावरील मोठ्या विजयानंतर लगेच खचला. ईजबेल राणीच्या धमकीने तो पळाला, बैर-शेबा येथे त्याने आपल्या चाकराला मागे ठेवले आणि एक दिवसाची वाट चालून रानात एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. बरोबर असलेला एकमेव माणूस त्याने स्वतःच मागे ठेवला होता, हा तपशील माझ्या मनात घर करून राहिला आहे, कारण थकलेला माणूस पहिल्यांदा नेमके हेच करतो. देवदूताने त्याला उपदेश केला नाही आणि विश्वासाची परीक्षाही घेतली नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई त्याच्या उशाशी ठेवली, त्याला पुन्हा झोपू दिले, मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातले आणि पुढचा प्रवास तुझ्या शक्तीबाहेरचा आहे, हे मान्य केले. होरेब पर्वतावरील मंद वाणी त्यानंतर चाळीस दिवसांनी आली.

म्हणून सात दिवस एका साध्या वहीत चार गोष्टी लिहा : किती तास झोप झाली, किती वेळा बसून जेवलात, घरातील माणसांखेरीज कोणाशी प्रत्यक्ष बोललात आणि प्रार्थनेच्या वेळी मनात काय येत होते. ऐरोलीच्या किंवा घणसोलीच्या आयटी पार्कमध्ये रात्रपाळी करणाऱ्या, पहाटे घरी येऊन दुपारच्या आवाजात तुटक झोप घेणाऱ्या तरुणाला आपला विश्वास मंदावला आहे असे वाटत असते. त्याची वही पाहिली तर आठवड्यात एकही सलग झोप झालेली नाही, एवढेच दिसेल. त्याने आधी झोप दुरुस्त करावी. तसे करणे त्याने आध्यात्मिक आळस मानू नये. झोप आणि जेवण ठीक असूनही वहीतील तिसरा रकाना रिकामा असेल तर शीण एकटेपणाचा आहे, आणि त्यासाठी चौथी पायरी महत्त्वाची आहे. माणसे भरपूर आहेत, परंतु प्रार्थना कोरडी झाली आहे, अशांनी दुसरी आणि तिसरी पायरी सावकाश वाचावी.

एक शक्यता मात्र वेगळी काढली पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक वेळ मन उदास राहते, कशातच रस वाटत नाही, झोप किंवा भूक पार बिघडली आहे आणि आपण कुचकामी आहोत असे वाटत राहते, तर ते नैराश्याचे आजारपण असू शकते आणि त्यासाठी डॉक्टर हवा. मधुमेहासाठी गोळी घेताना आपण विश्वास कमी पडला असे म्हणत नाही, मग येथे तरी का म्हणावे? केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते आणि मराठीतूनही बोलता येते. ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावाला घाबरून बाह्यरुग्ण विभागात जाण्याचे टाळणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांनी ते टाळू नये असे मला मनापासून वाटते. जीव द्यावा असे विचार येत असतील तर पुढील पायऱ्या बाजूला ठेवा, आजच, आत्ताच एखाद्या विश्वासू माणसाला ते स्पष्ट शब्दांत सांगा आणि रात्री एकटे राहू नका. एलीयाने मरण मागितले तसेच मोशेनेही मागितले होते. देवाने त्या दोघांनाही त्या मागणीसाठी टाकून दिले नाही.

दुसरी पायरी : गाऱ्हाणे देवापुढे मांडा

आपल्या मंडळ्यांमध्ये साक्ष देण्याची सुंदर रीत आहे, परंतु साक्ष बहुधा संकट टळल्यानंतर दिली जाते. संकट चालू असताना काय बोलावे, हे आपल्याला फारसे शिकवले जात नाही. स्तोत्रसंहिता ते शिकवते. १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. १४२ व्या स्तोत्रातील माणूस उजवीकडे पाहतो आणि आपली ओळख ठेवणारा कोणी नाही, असे म्हणतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याच्या शेवटी आशेची एक ओळही नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. आशेची ओळ ज्या दिवशी आपल्या तोंडून निघत नाही, त्या दिवसाचीही प्रार्थना देवाने आपल्यासाठी राखून ठेवली आहे, असे मी त्यावरून समजते.

रीत सोपी आहे. रोज पंधरा मिनिटे पुरतात. दार लोटून घ्या आणि वरीलपैकी एक स्तोत्र आवाज काढून, सावकाश वाचा. एका खोलीच्या घरात दार लोटणे शक्य नसेल तर इमारतीच्या गच्चीवर किंवा जिन्यात बसा. जेथे स्तोत्रकर्ता ‘माझे वैरी’ म्हणतो तेथे तुमच्या संकटाचे नाव घ्या : थकलेला हप्ता, बंद पडलेली नोकरी, आईची जखम, बोलणे टाकलेला भाऊ. मग दोन-तीन वाक्यांत स्वतःचे गाऱ्हाणे सांगा. त्याला सुसंस्कृत करू नका आणि लगेच उपकारस्तुतीकडे वळण्याची घाई करू नका. शेवटी एक मागणी करा, आणि ती आजच्या दिवसापुरती असू द्या. माझी मागणी पुष्कळ दिवस एवढीच असे की, आज आईवर माझा आवाज चढू नये. ज्या दिवशी तो चढे त्या दिवशी मी रात्री तिच्या पायांना तेल लावताना तिची क्षमा मागत असे, आणि ती बोलू शकत नसली तरी हात दाबत असे.

कॅथलिक घरांतून संध्याकाळची जपमाळ असते. एकट्या माणसासाठी तिचा एक मोठा गुण असा की शब्द शोधावे लागत नाहीत आणि हातालाही काम मिळते. जपमाळेतील दुःखाच्या रहस्यांत, म्हणजे येशूच्या दुःखसहनावरील चिंतनांत, पहिलेच चिंतन गेथशेमाने बागेचे आहे, जेथे येशूने स्वतः तीन शिष्यांना माझ्याबरोबर जागे राहा अशी विनंती केली आणि ते झोपी गेले. सोबत मागून ती न मिळण्याचा अनुभव प्रभूला आहे.

तिसरी पायरी : एक वचन, दिवसभर

चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात एकांतवासात राहणाऱ्या एवाग्रियस या साधूने या शिणाचे जे वर्णन केले आहे ते आजच्या बंद सदनिकेतही तंतोतंत लागू पडते. दुपार सरता सरत नाही, सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, माणूस पुन्हापुन्हा खिडकीकडे पाहतो, कोणी येते आहे का हे शोधतो, मग बंधूंमध्ये प्रेम उरले नाही, आपल्याला धीर देणारे कोणी नाही, अशी खात्री पटत जाते आणि शेवटी ही जागाच सोडून जावे असे वाटू लागते. त्यावर त्याने सांगितलेला उपाय मला फार हृद्य वाटतो. अश्रू ढाळत आपल्या जिवाचे दोन भाग करावेत, एकाने धीर द्यावा आणि दुसऱ्याने तो घ्यावा. त्यासाठी तो बेचाळिसाव्या स्तोत्राचे शब्द देतो : ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ त्या स्तोत्रात माणूस देवाशी बोलता बोलता स्वतःशीही बोलतो. आपण एरवी मनाचे ऐकत बसतो, येथे मनालाच ऐकवले जाते.

थकलेल्या काळात अध्यायामागून अध्याय वाचण्याचा संकल्प करू नये. तो तीन दिवसांत मोडतो आणि वर अपराधीपणाची भर पडते. आठवड्याला एकच वचन निवडावे, ते स्वतःच्या हाताने कागदावर लिहावे आणि जेथे रोज हात जातो तेथे लावावे, जसे गॅसच्या ओट्यामागे, औषधांच्या डब्यावर किंवा लोकलच्या पासच्या पाकिटात. मी दीर्घकाळ गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील नववे वचन ठेवले होते : ‘चांगले करण्याचा आपण कंटाळा करू नये, कारण आपण न खचलो तर यथाकाळी आपल्या पदरी पीक पडेल.’ पेरणी आणि कापणी यांच्यामध्ये शेतात काहीच दिसत नाही असे काही आठवडे असतात, हे नगर-जालन्याकडून इकडे आलेल्या आपल्या वाडवडिलांना कोणी सांगावे लागले नसते. वचन सकाळी उठल्यावर, दुपारच्या त्या कठीण वेळी आणि दिवा मालवताना असे तीनदा मोठ्याने म्हणावे. डोळे थकलेले असतील तर मराठी बायबल फोनवर विनामूल्य ऐकताही येते, रोग्याच्या खाटेजवळ त्याचा दोघांनाही उपयोग होतो.

येथे एक सावधगिरी सांगते. फोनवर दिवसभर निरनिराळ्या उपदेशकांची प्रवचने ऐकत राहणे म्हणजे सहवास नव्हे. एका दिवसात पाच संदेश ऐकून एकाही माणसाशी न बोलता मी कित्येकदा झोपले आहे, आणि दुसऱ्या दिवशी एकटेपणा अधिकच टोचला आहे. तुमचा आजार किंवा अडचण टिकून आहे याचा अर्थ तुमचा विश्वास कमी आहे, असे जो सांगतो, किंवा प्रार्थनेच्या मोबदल्यात पैसे पाठवायला लावतो, त्याचे ऐकणे बंद करावे.

चौथी पायरी : ओझे कोणते ते ठरवा आणि नाव घेऊन मागा

ही पायरी मी सर्वांत उशिरा चढले.

गलतीकरांस पत्राच्या त्याच अध्यायात पौल दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा म्हणतो आणि पाचव्या वचनात प्रत्येकाने स्वतःचा भार वाहिलाच पाहिजे असे म्हणतो. हा विरोध वाटतो, पण मुळात दोन शब्द वेगळे आहेत. पहिला शब्द माणसाला चिरडणाऱ्या वजनासाठी आहे, दुसरा प्रत्येकाने आपल्या खांद्यावर न्यायच्या शिदोरीच्या गाठोड्यासाठी. तेव्हा कागदाचे दोन भाग करा आणि या आठवड्याची कामे त्यांत वाटा. आईला रोज पुसून काढणे हे माझे गाठोडे होते आणि ते मला जड वाटत नव्हते. बँकेत जाण्यासाठी घराबाहेर पडता न येणे, महिनोन्‌महिने रविवारची उपासना बुडणे आणि रात्री तीन वाजता जागी असणारी मी एकटीच आहे ही जाणीव, ही मात्र ओझी होती.

या भागात फार पूर्वी एका माणसाने नेमकी अशीच मागणी केली होती. १३२१ मध्ये ठाण्यात चार ख्रिस्ती धर्मसेवकांना ठार मारण्यात आले. तोलेन्तिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स आणि सिएनाचा पीटर हे तिघे फ्रान्सिस्कन संघाचे संन्यासी, आणि त्यांच्याबरोबरचा दुभाष्या दमेत्रियस. त्यांचा सोबती, जॉर्डानस नावाचा डॉमिनिकन संन्यासी, त्या वेळी बाहेरगावी गेला होता म्हणून वाचला. परत येऊन त्याने सोबत्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले आणि या किनाऱ्यावर तो एकटा उरला. भाषा परकी, प्रकृती खालावलेली आणि आपल्या संघाचा एकही बंधू जवळ नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने बंधूंना पत्र लिहिले आणि त्यानंतर ठाण्याहून आणखी एक. त्या पत्रांत तो आपली दुःखे आणि आपले एकटेपण उघडपणे सांगतो, बंधू पाठवा म्हणतो आणि ते कोठे काम करू शकतील त्या गावांची नावेही देतो. पुढे १३२९ मध्ये पोप बावीसावे जॉन यांनी त्याला कोल्लमचा बिशप नेमले. सातशे वर्षांपूर्वीच्या ठाण्यातून निघालेले ते पत्र किती महिन्यांनी पोहोचले असेल, याचा विचार मी ऐरोलीच्या खिडकीत बसून करत असे, आणि माझ्या हातातल्या फोनवरून दोन ओळींचा निरोप पाठवायला मला कसला संकोच वाटतो, हे मला कळेनासे होई.

मागणी करताना ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ एवढ्यावर थांबू नका. ती विनंती खरी असते, पण ऐकणाऱ्याला काय करावे ते कळत नाही आणि तो मनापासून ‘हो’ म्हणून विसरतो. काही गरज लागली तर सांग, असे म्हणणाऱ्याचेही तसेच असते. एक माणूस, एक काम, वार आणि वेळ, आणि केव्हापर्यंत, एवढे निरोपात असावे. मी मंडळीतील एका काकूंना शेवटी असे लिहिले : ‘काकू, जय ख्रिस्त. दर दुसऱ्या गुरुवारी दुपारी चार ते सहा या वेळात तुम्ही आईजवळ बसू शकाल का? मला औषधे आणायची असतात आणि थोडे चालून यायचे असते. तीन महिने करून पाहू. जमणार नसेल तर मोकळेपणाने सांगा, मला वाईट वाटणार नाही.’ तासाभरात त्यांचा फोन आला. त्या रडत होत्या, कारण वर्षभर त्यांना यायचे होते, परंतु आपण गेलो तर रोग्याच्या घरी अडचण होईल असे त्यांना वाटत होते.

सर्वच जण असे उत्तर देणार नाहीत. दोघांनी नाही म्हटले, एकाने उत्तरच दिले नाही. म्हणून सुरुवातीला तीन नावे लिहून ठेवावीत. त्यांतील एक मंडळीतील असावे, एक शेजारचे, मग ते कोणत्याही धर्माचे असो, आणि एक रात्री फोन उचलू शकेल असे, जसे गावाकडची बहीण किंवा दुसऱ्या वेळेच्या प्रदेशात नोकरी करणारा चुलतभाऊ. आमच्या मजल्यावरील शेजारीण मंगळवारी उपवास करते, आणि त्याच दिवशी तिने माझ्यासाठी भाजी आणायला सुरुवात केली. एलीयाला आधी कावळ्यांनी आणि मग सारफथच्या, इस्राएलाबाहेरच्या, विधवेने जेवू घातले होते. मदत कोणत्या हातातून यावी याची अट घालू नये. ज्येष्ठ नागरिक एकटे राहत असतील तर १४५६७ हा त्यांच्यासाठीचा शासकीय मदत क्रमांकही लिहून ठेवावा.

पाचवी पायरी : मंडळी घरी बोलावा, मग मंडळीत जा

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील चौदावे वचन आपण आजाऱ्यांच्या प्रार्थनेच्या वेळी नेहमी वाचतो, परंतु त्यातील पहिले पाऊल कोणाचे आहे इकडे आपले लक्ष जात नाही. जो दुखणाईत आहे त्यानेच मंडळीच्या वडिलांना बोलवावे, असे तेथे लिहिले आहे. तेव्हा पाळकांना किंवा फादरांना स्वतः फोन करा. घरी येऊन प्रभुभोजन द्यावे, अशी विनंती करता येते आणि ती करण्यात संकोचण्यासारखे काही नाही. कॅथलिक धर्मग्रामांत आजाऱ्यांना घरी कम्युनियन देण्याची व्यवस्था असते, आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कॉटेज मीटिंग, म्हणजे घरोघरी भरणारी प्रार्थनासभा, एखाद्या आठवड्यात तुमच्याच घरी ठेवता येते. चहा-नाश्त्याची तजवीज होणार नाही, फक्त पाणी मिळेल, असे आधीच सांगून टाकावे. पाहुणचाराच्या काळजीने कित्येक घरांनी प्रार्थनासभा बंद केल्याचे मी पाहिले आहे.

ज्यांची सुट्टी रविवारी नसते त्यांना हे शहर थोडी सोय देते. कॅथलिक चर्चमध्ये रोज मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, असते, त्यामुळे रात्रपाळीहून परतणारा माणूस सकाळी तेथे जाऊ शकतो. मासुंदा तलावाजवळच्या, पोर्तुगीज काळात स्थापन झालेल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये आठवड्यातल्या एखाद्या दुपारी अर्धा तास नुसते बसणेही मला पुरत असे. बाहेर तलावपाळीची गर्दी आणि रिक्षांचा गलका असतो, आणि आत जेथे बसतो तेथे शेकडो वर्षे थकलेली माणसे येऊन बसली आहेत, ही जाणीव शब्दांवाचून धीर देते. पंथ कोणताही असो, अशा वेळी दाराशी कोणी ओळखपत्र विचारत नाही.

फार दिवसांनी रविवारच्या उपासनेला परत जाताना मात्र तयारी करावी. इतके दिवस कुठे होता, हा प्रश्न येणारच, आणि विचारणाऱ्याच्या मनात टोचण्याचा हेतू नसला तरी तो टोचतो. त्याचे एक वाक्याचे उत्तर घरूनच ठरवून न्या. पहिल्या रविवारी शेवटच्या बाकावर बसा, आशीर्वादानंतर लगेच निघा, एवढे पुरे. दुसऱ्या रविवारी एका माणसाशी बोला. गीतांच्या वेळी आवाज फुटला नाही तर इतरांना गाऊ द्या आणि ऐका. नारायण वामन टिळकांची भजने आपण आजही गातो. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर आप्त दुरावले आणि लक्ष्मीबाईही कित्येक वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, त्या माणसाचे शब्द आपल्या वतीने शेजारचा कोणी गात असतो.

सहावी पायरी : खचलेल्या काळात मोठा निर्णय घेऊ नका

सोळाव्या शतकातील संत इग्नेशियस यांचा एक नियम मी घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. मन उजाड झाले असेल तेव्हा, बरे असताना केलेला निश्चय बदलू नये. मंडळी सोडणे, लग्न मोडणे, नोकरीचा राजीनामा, आईला दूर ठेवण्याचा विचार, सेवेतून कायमचे निवृत्त होणे, असे काही मनात आले की ते तारखेसह लिहून ठेवावे आणि तीन आठवड्यांनी, झोप झालेल्या सकाळी, विश्वासू माणसाला बरोबर घेऊन पुन्हा वाचावे. घरात मारहाण होत असेल किंवा जिवाला धोका असेल तेथे हा नियम लागू नाही, तेथून लगेच बाहेर पडावे.

निर्णय थांबवला तरी हातातले काम थांबवू नये, आणि याबाबतीत पंडिता रमाबाईंचे शेवटचे वर्ष मला नेहमी आठवते. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षेही झाली नसताना पती. ऐकू कमी येत असल्यामुळे इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षणाची वाट बंद झाली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर करत होत्या, तेव्हा १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तिच्यावरच पुढच्या कामाची भिस्त होती. रमाबाईंनी भाषांतर चालू ठेवले, ते पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ते बायबल १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले. एवढे बळ आपल्यात नाही, असे वाटले तर ते साहजिक आहे. मी त्यातून इतकेच घेतले की दुःखाच्या दिवशीही एखादे ठरलेले काम, मग ते एक पान असो की एक पोळी, हाती धरावे.

सातवी पायरी : दुसऱ्याचे नाव घ्या

ही पायरी अगदी लहान आहे आणि थोडी उभारी आल्यावरच चढावी. प्रेषितांनी योसेफाला बर्णबा, म्हणजे बोधपुत्र, हे नाव दिले, आणि सर्वजण शौलाला, म्हणजे पुढे पौल म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाला, घाबरत असताना त्याला हाताला धरून शिष्यांमध्ये नेणारा तोच होता. आईला दवाखान्यात दाखवून वाशीच्या बाजूने कामे उरकण्यासाठी मी महिन्यातून एकदा ट्रान्स-हार्बर लोकलने जात असे. ऐरोलीहून निघाल्यावर रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा आणि वाशी अशी सहा स्थानके लागतात. प्रत्येक स्थानकाला मी एका माणसाचे नाव घेऊन प्रार्थना करत असे आणि परतीच्या गाडीत त्या सहांपैकी एकाला निरोप पाठवत असे : आज घणसोलीला तुमची आठवण केली. त्या निरोपांना आलेली उत्तरे वाचताना मला कळले की त्या सहांपैकी चौघे माझ्याइतकेच एकटे होते.

शेवटी, शुश्रूषा करणाऱ्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगायची आहे. ज्याची सेवा करत होतो तो माणूस गेला की आलेली मदतही थांबते, कारण मदतीचे कारण संपले असे लोकांना वाटते. नेमका तेव्हाच एकटेपणा सर्वांत खोल असतो. म्हणून मदत करणाऱ्याला आधीच, धीर करून, सांगून ठेवावे की त्यानंतरही काही आठवडे येत राहा. काकूंना मी हे सांगितले होते, आणि सांगताना मला फार अवघड वाटले होते. आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी चार वाजता बेल वाजली. खाट काढून टाकल्यामुळे खोली मोठी दिसत होती. काकूंनी चपला काढल्या, नेहमीच्या खुर्चीवर बसल्या आणि पिशवीतून चष्मा काढून आजचे स्तोत्र कोणते ते विचारले.